भंगारातलं बॉनेट आणि चार चौकोन: मित्रांमध्ये पॉलिशिंगची मॅच कशी लावायची, एकदम नवख्यांसाठी

गाडी चकाचक ठेवायचा नाद असलेले तीन-चार जण एकत्र आले की अर्ध्या तासात विषय तिथेच येतो, कुणाचा हात भारी. एक म्हणतो मी काळ्या गाडीवरचे सगळे स्वर्ल (पुसण्याने पडलेले बारीक, गोल दिसणारे चरे) काढले, दुसरा म्हणतो मी रोटरी मशीनने केलं तरी एक होलोग्राम (मशीनने उठवलेल्या लाटांसारख्या चमकत्या रेषा) दाखवून दे, मग मोबाईल निघतात आणि फोटोत सगळ्यांच्याच गाड्या आरशासारख्या, कारण फोटो ढगाळ दिवशी काढलेले असतात. हे भांडण फोटोवर मिटत नाही हो. एकच पत्रा, एकच मशीन, एकच उजेड, आणि तिथे सगळ्यांनी करून दाखवायचं, एवढाच उपाय. आम्ही हे बऱ्याचदा केलंय आणि सुरुवातीला भयंकर चुकलोय, म्हणून पहिल्यांदा मॅच लावणाऱ्यांसाठी सगळं क्रमाने लिहितोय. मशीन हातात कधी धरलं नसेल तरी चालेल, उलट शिकायला याच्यापेक्षा बरी जागा नाही कारण पत्रा भंगारातला आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. पॉलिशिंग म्हणजे काहीतरी लावून चमक आणणं नाही, पॉलिशिंग म्हणजे घासून काढणं. कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन पेंट असतो, आणि त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्यावरचा एक केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपली सगळी मस्ती अर्ध्या-पाऊण केसाच्या जाडीत चाललेली असते. चरा दिसेनासा करायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणायचा. गेलेला क्लिअर कोट परत येत नाही. म्हणून आमच्या मॅचचा पहिला नियमच असा आहे की सगळ्यात जास्त चरे काढणारा जिंकत नाही, कमीत कमी घासून बघण्यालायक फिनिश आणणारा जिंकतो. हा नियम नसेल तर काय होतं सांगतो, सगळे पहिल्याच मिनिटाला लोकरीचं पॅड आणि जाडं कंपाऊंड (चरे घासून काढायचं लिक्विड) काढतात आणि मग ती पॉलिशिंगची मॅच उरत नाही, रंधा मारायची मॅच होते.

पत्रा कुठला घ्यायचा

बॉनेट सगळ्यात बेस्ट. मोठा सपाट भाग मिळतो आणि कडेला घड्या, वळणं पण असतात. रंग गडद घ्या, काळा किंवा गडद निळा, शक्यतो साधा, मेटॅलिक नको. पांढऱ्यावर चरे दिसतच नाहीत, त्यामुळे सगळेच जिंकल्यासारखे वाटतात आणि वाद तसाच राहतो. प्लास्टिकचा बंपर घेऊ नका, त्यावर साधा पेंट मीटर (पेंटची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारं यंत्र) चालत नाही, तो लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरच रीडिंग देतो.

मीटर कुणाकडून तरी मागून आणाच. सगळ्या बॉनेटवर पंधरा-वीस ठिकाणी टेकवून बघा. सगळीकडे ११०-१३० च्या आसपास येत असेल तर ओरिजिनल पेंट आहे, मस्त. एका बाजूला १२० आणि दुसऱ्या बाजूला २५० येत असेल तर अर्धं बॉनेट परत रंगवलेलं आहे, आणि मधेच कुठे ५००-८०० दाखवलं तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. असा पत्रा सरावाला चालेल, मॅचला नाही. नव्याने मारलेला क्लिअर कोट मऊ किंवा कडक कसाही असू शकतो, मग ज्याच्या वाट्याला मऊ भाग येईल त्याचे चरे पटकन जाणार आणि कडकवाला तासभर घासत बसणार.

बॉनेट कमरेच्या उंचीवर ठेवा, खाली जाड चादर किंवा फोम, आणि हललं नाही पाहिजे. आम्ही पहिल्यांदा दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ठेवलं होतं, मशीन लावलं की अख्खं बॉनेट नाचत पुढे जायचं. हसून हसून पुरेवाट, पण त्या दिवशी निकाल काही लागला नाही.

धुणं आणि क्ले, हे सगळ्यांनी मिळून

इथे स्पर्धा नाही. धूळ, माती राहिली आणि त्यावर पॅड फिरवलं तर नवीन चरे पडणार, म्हणून दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) दर वेळी पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. मग आयर्न रिमूव्हर मारा, पत्र्यात रुतलेले ब्रेकचे लोखंडी कण असतील तर जांभळे ओघळ दिसतील, वास सडक्या अंड्यासारखा येतो त्यामुळे मोकळ्या हवेत करा, हातमोजे घाला आणि सुकायच्या आत धुवून टाका.

नंतर क्ले, म्हणजे पेंटमध्ये रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवा, नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून वाळूसारखा लागतो. भरपूर लुब्रिकंट मारून क्ले हलक्या हाताने फिरवायचा, दाबायचा नाही. क्ले खाली पडला तर टाकून द्या, धुवून परत वापरायचा कंजूसपणा करू नका, त्यात घुसलेला एक खडा अख्ख्या पत्र्यावर रेघोट्या मारतो. क्लेमुळे पण थोडं मार्किंग होतंच, म्हणून क्ले सगळ्या बॉनेटवर एकाच माणसाने एकाच तऱ्हेने करावा. आम्ही एकदा ज्याने त्याने आपापल्या चौकोनाचा क्ले केला आणि शेवटी वाद झाला की ही रेघ आधीची की क्लेची.

चौकोन आखणं आणि चरे पाडणं

मास्किंग टेप घ्या आणि साधारण ४० बाय ४० सेंटीमीटरचे चौकोन आखा. बॉनेटवर चार आरामात बसतात. मधे एक चार-पाच सेंटीमीटरची पट्टी सोडा, खाली सांगितलेले चरे तिच्यावर पण पाडून झाले की ती पूर्ण टेपखाली झाकून ठेवा, मग तिला शेवटपर्यंत कुणी हात लावायचा नाही, ती आपली साक्षीदार. घडीवर, कडेवर आणि जिथे पत्रा वळतो तिथे पण टेप लावा कारण अशा टोकांवर पेंट मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा जोर तेवढ्याशा रेषेवर येतो. टेप चांगली दाबून बसवा आणि पॅड तिच्यावर चढवू नका, उचकटून पॅडला गुंडाळली जाते.

आता सगळ्यांना सारखेच चरे मिळायला पाहिजेत. जुन्या बॉनेटवर असतातच पण सारखे नसतात. तर एकाच माणसाने एक कोरडं, धुळीचं फडकं घेऊन सगळ्या चौकोनांवर सारख्याच जोराने गोल गोल पुसायचं. एरवी लोक गाडी अशीच पुसतात आणि वर्षभरात असेच स्वर्ल पाडून घेतात, आपण फक्त मुद्दाम करतोय. टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं की पुरे. एक गंमत सांगतो, ते चरे खरंतर गोल नसतातच. सगळ्या दिशांना जाणारे बारीक सरळ-वाकडे चरे असतात, त्यातले जे दिव्याभोवतीच्या वर्तुळाला धरून आडवे पडतात तेच चमकतात म्हणून गोल वाटतं. घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरून हलवा, तीच जाळी बल्बच्या प्रतिबिंबाबरोबर सरकताना दिसेल.

नख अडकतंय असे खोल चरे आधीच असतील तर त्यांच्याभोवती मार्करने गोल करा आणि जाहीर करा की हे मोजायचे नाहीत. नख अडकतं त्या चऱ्याच्या मागे लागलं की क्लिअर कोट संपतो. नवखा माणूस हमखास त्याच एका चऱ्याच्या मागे लागतो, मी पण लागायचो.

हे झालं की प्रत्येक चौकोनात मीटरने पाच ठिकाणी रीडिंग घ्या, चार कोपऱ्यांकडे चार आणि मधे एक, सरासरी काढून टेपवर लिहा. आणि आता, आत्ता, चिठ्ठ्या टाका. आधी नाही. चौकोन आधीच ठरले असतील तर चरे पाडणारा स्वतःच्या चौकोनावर हात हलका फिरवतो, माणूस आहे शेवटी.

हत्यारं

नवख्यांच्या मॅचमध्ये रोटरी नको, हे माझं ठाम मत. रोटरी एकाच अक्षावर गरागरा फिरते, एका जागी एक-दोन सेकंद जास्त थांबली की उष्णता साठते, आणि हात तिरका झाला की होलोग्राम. डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) मशीनमध्ये पॅड स्वतःभोवती पण फिरतं आणि छोट्या वर्तुळात झुलतं पण, त्यामुळे चुका पोटात घालते. डीएवर ८, १५, २१ असे आकडे असतात, म्हणजे पॅड किती मिलीमीटरच्या वर्तुळात झुलतं ते. २१ वाली मोठ्या सपाट भागावर पटापट काम करते पण वळणावर अडकते, सुरुवातीला १५ किंवा त्याखालची बरी. सगळ्यांना एकच मशीन द्या, आळीपाळीने. जिंकला तर हात जिंकला, हरला तर मशीनवर ढकलता येत नाही.

पॅड प्रत्येकाला तीन, एक कटिंगचं, एक मधलं पॉलिशिंगचं, एक मऊ फिनिशिंगचं. पॅडच्या रंगावर जाऊ नका, एका कंपनीचं पिवळं म्हणजे कडक तर दुसऱ्या कंपनीचं पिवळं म्हणजे मऊ, बोटाने दाबून बघा आणि पाकिटावर वाचा. लिक्विड दोन पुरे, एक कंपाऊंड आणि एक फिनिशिंग पॉलिश. इथे एक बारीक गोष्ट आहे. काही कंपाऊंडमधले कण घासता घासता मोडून बारीक होत जातात, ते पूर्ण वेळ घासावे लागतात, मधेच थांबलं तर धुरकट राहतं. काहींमधले कण तसेच राहतात, मेग्वायर्सचं एम१०५ आणि एम२०५ त्या जातीतले, तिथे जास्त वेळ घासून ते आपोआप बारीक होत नाही, बारीक फिनिश हवी असेल तर पॅड आणि लिक्विड बदलावं लागतं. बाटली कुठल्या जातीची आहे ते मॅचच्या आधी सगळ्यांना सांगा.

बॅकिंग प्लेटच्या (पॅड जिच्यावर चिकटतं ती मशीनची तबकडी) कडेला मार्करने एक ठळक रेघ मारून ठेवा. मशीन चालू असताना ती रेघ फिरताना दिसली म्हणजे पॅड फिरतंय. रेघ एका जागी थरथरताना दिसली म्हणजे पॅड थांबलंय, नुसतं झुलतंय, काम होत नाहीये. शंभरातल्या नव्वद नवख्यांचं काम न होण्याचं कारण मला तरी हेच दिसलंय, एकतर दाबतायत फार नाहीतर मशीन तिरकं धरलंय.

आणि हो, अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन, सगळं काढून ठेवा. चष्मा आणि मास्क घाला, वायर खांद्यावरून मागे टाका म्हणजे पत्र्यावर घासणार नाही. मायक्रोफायबर फडकी भरपूर, खाली पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

टेस्ट स्पॉट, इथेच मॅच जिंकली जाते

प्रत्येकाला आपल्या चौकोनासाठी ३० मिनिटं. घड्याळ सुरू झालं की सगळे आख्ख्या चौकोनावर तुटून पडतात, तुम्ही तसं करू नका. कोपऱ्यातला तळहाताएवढा तुकडा घ्या आणि सगळ्यात सौम्य जोडी लावून बघा, मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पुसा, टॉर्च मारा. चरे गेले? मग कंपाऊंडची बाटली उघडायचीच नाही, उरलेल्या चौकोनाला हेच. नाही गेले तर मधलं पॅड, त्याच पॉलिशबरोबर. तरी नाही तर मधलं पॅड आणि कंपाऊंड. कटिंग पॅड आणि कंपाऊंड ही शेवटची पायरी. यात सात-आठ मिनिटं जातात आणि बाजूला बसलेले टोमणे मारतात की अरे मुहूर्त बघतोयस का. मारू देत.

आमच्यात एक जण आहे जो बाकी सगळ्यात हळू, हात पण काही फार सफाईदार नाही, पण टेस्ट स्पॉट कधी चुकवत नाही. एकदा बॉनेटचा क्लिअर कोट इतका मऊ निघाला की फिनिशिंग पॉलिशनेच सगळे स्वर्ल गेले. आम्ही तिघांनी कंपाऊंड मारून आधी धुरकटपणा आणला आणि मग तो धुरकटपणा काढण्यात उरलेला वेळ घालवला, हा पठ्ठ्या पंधरा मिनिटांत संपवून पाणी पीत बसला होता.

आता खरं काम

नव्या पॅडवर सुरुवातीला लिक्विड बोटाने पातळ पसरवून घ्या म्हणजे पॅड कोरडं चालणार नाही. मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. तीन-चार म्हणजे तीन-चार. जास्त लिक्विड म्हणजे जास्त काम हा सगळ्यांचा गोड गैरसमज आहे, जास्त झालं की पॅड नुसतं घसरतं, चिकट लगदा होतो आणि चरे तिथेच.

पॅड आधी पत्र्यावर टेकवायचं, मगच मशीन चालू करायचं, आणि बंद पण टेकलेलं असतानाच, नाहीतर तोंडावर, चष्म्यावर, शेजाऱ्याच्या शर्टावर सगळीकडे शिंतोडे. एक किंवा दोनच्या स्पीडवर लिक्विड पसरवा, मग चार ते पाचवर न्या. आडव्या रेघा मारत जा, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर निम्मी चढली पाहिजे, चौकोन संपला की उभ्या रेघा. ४० सेंटीमीटरच्या एका रेघेला साधारण १० ते १५ सेकंद लागले पाहिजेत. हे ऐकायला सोपं वाटतं पण करताना हात आपोआप पळतो, झाडू मारल्यासारखा. मनात मोजा, मी अजूनही मोजतो. आडवं-उभं असं दोनदा झालं की एक सेट झाला, थांबून पुसा आणि बघा.

दाब किती? कापताना, म्हणजे चरे घासून काढताना, मशीनच्या वजनावर थोडासा हात, मार्करची रेघ फिरत राहील इतकाच. शेवटच्या फेरीत हात जवळजवळ नाहीच, मशीनला फक्त वाट दाखवायची. मधे मधे हाताची पाठ पत्र्याला लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर थांबा, गार होऊ द्या. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर मॅच लावूच नका, लिक्विड पसरायच्या आधीच वाळतं.

प्रत्येक सेटनंतर पॅड साफ करायचं. ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने, नाहीतर मशीन हळू चालवून फडक्यावर. निघालेला क्लिअर कोट आणि मेलेलं कंपाऊंड पॅडमध्येच बसलेलं असतं आणि तेच परत पत्र्यावर घासलं जातं. घाईत सगळ्यात आधी ही पायरी उडते.

पॅडच्या तोंडाकडे पण लक्ष ठेवा. क्लिअर कोटवर काम चाललंय तोवर पॅडवर लिक्विडचाच रंग दिसणार, पांढरा-राखाडी. पॅडवर गाडीचा रंग दिसायला लागला तर दोनच शक्यता, एकतर त्या पेंटवर क्लिअर कोटच नाही, जुन्या सिंगल स्टेज (रंग आणि चमक एकाच थरात असलेल्या) पेंटमध्ये असं असतं आणि तिथे ते नॉर्मल आहे, नाहीतर तुम्ही क्लिअर कोट फोडलाय, म्हणजे घासून पार केलाय. मी एकदा निळ्या बॉनेटवर शायनिंग मारायला रोटरी घेतली होती, घडीवरची टेप सुटली ते दिसलं नाही, पॅड उचललं तर पांढऱ्या फोमवर फिकट निळा अर्धचंद्र. पत्र्यावर बघितलं तर घडीवर बोटाएवढा मॅट डाग, कितीही पुसलं तरी ओला केल्यावर गायब आणि वाळल्यावर परत हजर. त्यावर आता काही उपाय नाही, तो भाग परत रंगवायचाच. भंगारातलं होतं म्हणून हसलो.

कापून झालं की बहुतेक वेळा हलका धुरकटपणा राहतो, विशेषतः काळ्यावर. टॉर्चखाली प्रतिबिंबाच्या कडेला राखाडी झाक दिसते. त्यासाठी मऊ पॅड, फिनिशिंग पॉलिश, स्पीड थोडा कमी आणि दाब काढून टाका. या फेरीला निदान आठ-दहा मिनिटं राखून ठेवा, बहुतेक जण इथे वेळ संपल्यामुळे हरतात.

पुसणं, म्हणजे सोंग उतरवणं

माझी पहिली मॅच. टॉर्च मारला, माझा चौकोन सगळ्यात काळा, सगळ्यात खोल, एक चरा नाही. मी तर जिंकल्याच्या थाटात फोटो काढत होतो. मग एकाने बाटली काढली, पॅनल वाइप (पेंट साफ पुसायचं लिक्विड) मारलं, दोनदा पुसलं, आणि हळूहळू माझे चरे परत आले, अर्धे तरी. कारण पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यात भरून बसतात आणि उजेडाला फसवतात. मी चरे काढलेच नव्हते, बुजवले होते. दोन दिवस बोलत नव्हतो कुणाशी.

तेव्हापासून नियम असा, निकालाच्या आधी प्रत्येक चौकोन पॅनल वाइपने किंवा पाण्यात १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून दोनदा पुसायचा, आणि स्वतःचा चौकोन स्वतः पुसायचा नाही, शेजाऱ्याचा पुसायचा. फक्त पुसणाऱ्याने मऊ, स्वच्छ फडकं घ्यायचं आणि वजन टाकायचं नाही, मऊ क्लिअर कोटवर नुसत्या पुसण्याने पण बारीक रेषा उठतात आणि मग शेजारधर्माचा प्रश्न येतो.

निकाल

परीक्षक असा माणूस करा जो काम चालू असताना तिथे नव्हता. नावं टेपच्या खालच्या बाजूला लिहा म्हणजे कुणाचा चौकोन ते त्याला कळणार नाही. ट्यूबलाइटखाली निकाल लावू नका, पसरलेल्या उजेडात चरे लपतात. एका बिंदूतून येणारा उजेड हवा, हातातली एलईडी टॉर्च किंवा सरळ ऊन. टॉर्च आधी जवळून, मग हात लांब करून, मग तिरकी. जवळून चरे कळतात, लांबून आणि तिरक्या उजेडात होलोग्राम आणि धुरकटपणा. जमलं तर बॉनेट उचलून उन्हात न्या, उन्हासमोर कुणाचं काही चालत नाही.

मार्क आम्ही १०० पैकी देतो. चरे किती गेले याला ४०, फिनिश किती स्वच्छ याला ३०, किती सौम्य जोडीने काम भागवलं याला २०, आणि उरलेले १० सफाईला, म्हणजे कडेला वाळलेलं कंपाऊंड, टेपचा चिकटपणा, इकडेतिकडे उडालेले शिंतोडे. क्लिअर कोट फोडला की थेट बाद.

आता तुम्ही म्हणाल की सौम्यतेचे मार्क मीटरवरून का नाही, किती मायक्रॉन गेले ते मोजा की सरळ. आम्ही पण आधी तेच केलं. अडचण अशी की कटिंगच्या एका सेटमध्ये जातात साधारण १ ते ३ मायक्रॉन, फिनिशिंगमध्ये त्याहून कमी, आणि हौशी लोकांचा मीटर त्याच जागी परत टेकवला तरी एक-दोन मायक्रॉन इकडेतिकडे दाखवतो. म्हणजे मीटरवर पहिला-दुसरा ठरवणं म्हणजे छापा-काटा. शिवाय तो एकूण जाडी सांगतो, त्यात क्लिअर कोट किती उरलाय हे सांगत नाही. त्यामुळे मीटर फक्त राखणीला, सरासरी ५ मायक्रॉनपेक्षा जास्त उतरली तर सौम्यतेचे वीसच्या वीस मार्क गेले. बाकी कुणी कुठलं पॅड आणि लिक्विड वापरलं ते बाजूला बसलेला एक जण कागदावर लिहीत जातो, मार्क त्यावरून.

वाद तरीही होणार. सगळ्यात मोठा वाद नेहमी हा असतो की एकाने सगळे चरे काढलेत पण हलकी धुरकट झाक आहे, आणि दुसऱ्याने चार-पाच चरे सोडलेत पण आरसा आहे. माझं मत दुसऱ्याच्या बाजूने, कारण रोजच्या वापराच्या गाडीवर ते चार-पाच चरे कुणाला दिसणार नाहीत, झाक मात्र पहिल्याच उन्हात दिसते, आणि त्याच्याकडे पुढच्या वेळी घासायला क्लिअर कोट पण जास्त उरलाय. आमच्यातले दोघं हे अजिबात मानत नाहीत.

परीक्षकाचं झालं की मधल्या साक्षीदार पट्टीवरची टेप काढा. सगळे आधी तिकडेच बघतात, कारण दोन्ही बाजूंना काळाभोर पत्रा आणि मधे ती जाळ्यांनी भरलेली करडी पट्टी, आपण नक्की काय केलं ते तेव्हा कळतं. फोटो काढायचाच असेल तर याचा काढा, टॉर्चचं प्रतिबिंब बरोबर सीमेवर धरून.

बॉनेट फेकू नका

त्याच बॉनेटवर अजून दोन-तीन मॅच निघतात. प्रत्येक चौकोनाची तारीख, आधीचं आणि नंतरचं रीडिंग मागच्या बाजूला पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकताना ज्याच्या वाट्याला पातळ चौकोन येईल त्याला आधीच कळेल. कापण्यासारखं फार उरलं नाही असं वाटलं की त्याची शेवटची मॅच संपली, पण एक काम बाकी असतं. टेप काढा, कडक पॅड लावा, आणि नवीन आलेल्या मुलाला सांगा की घडीवर मशीन मुद्दाम थांबव. पत्रा कसा तापतो, वास कधी बदलतो, चमक जाऊन मॅट कधी होतं आणि पॅडवर रंग कधी येतो हे त्याला एकदा स्वतःच्या हाताने होऊ दे. आमच्याकडचा मुलगा म्हणाला होता, एवढ्यात? मी घड्याळ लावलं होतं, नऊ सेकंद झाले होते.